कला रक्तात नसते, रियाजात असते

वाद्य वाजवणाऱ्याविषयी आपल्याकडे दोन वाक्ये हमखास बोलली जातात. एक, “हात तयार आहे, पण भाव नाही.” दुसरे, “काय वाजवतात! यांच्या तर रक्तातच आहे.” पहिले टीका म्हणून येते, दुसरे कौतुक म्हणून. मला ही दोन्ही वाक्ये एकाच गैरसमजाची वाटतात. हाताची तयारी म्हणजे केवळ मेहनत आणि भाव म्हणजे जन्माने किंवा वरून मिळालेली देणगी, अशी वाटणी त्यामागे आहे. एकदा ही वाटणी मान्य केली की कलावंताच्या घामाची किंमत आपोआप कमी होते. म्हणून हा प्रश्न मला केवळ संगीताच्या रसिकांचा वाटत नाही. ज्यांची चूल वाद्यावर पेटते, त्यांचाही तो प्रश्न आहे.

लोणावळा आणि मावळात लग्नसराईत, उरुसात, जत्रेत वाजवणारी माणसे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. ताशा, ढोल, सनई, बँड. यांत मुसलमान आहेत, मातंग आहेत, होलार आहेत, गुरव आहेत. ताशावाल्याच्या दोन काड्या इतक्या वेगाने फिरतात की डोळ्यांना त्या वेगळ्या दिसत नाहीत. वरातीतले पाहुणे मोबाइल काढतात, पैसे ओवाळतात आणि तेच वाक्य म्हणतात, “रक्तातच आहे यांच्या.” रात्री हिशेब करताना मात्र याच मंडळींशी दोन-दोनशे रुपयांवरून घासाघीस होते. कारण सरळ आहे. जी गोष्ट रक्तातच आहे, तिला मेहनत कुठे लागते? आंब्याच्या झाडाला आंबे आले म्हणून कोणी झाडाला मजुरी देते का? डॉक्टरच्या मुलाने ऑपरेशन केले तर आपण त्याची पदवी विचारतो. ताशावाल्याच्या मुलाने ताशा वाजवला तर मात्र त्याचे शिक्षण झाले आहे, ही शंकाही आपल्याला येत नाही.

रक्ताचा हा हट्ट माणसांपुरता थांबत नाही. वाद्यांनाही आपण जात-धर्म चिकटवतो. तबला अमीर खुसरो यांनी शोधला, पखवाज मधोमध कापून दोन तुकडे केले आणि तबला तयार झाला, ही गोष्ट आपल्यातल्या अनेकांनी अभिमानाने ऐकलेली असते. दुसऱ्या बाजूचे लोक त्यावर मावळातलाच पुरावा पुढे करतात. मळवली स्टेशनवर उतरून भाज्याच्या लेण्यांकडे चढून गेले की बावीस लेण्यांच्या त्या रांगेत सूर्यलेणे म्हणून ओळखले जाणारे एक विहार लागते. तिथल्या एका शिल्पात एक स्त्री बसून तोंडावर चामडे असलेली दोन वाद्ये वाजवते आहे आणि शेजारी दुसरी स्त्री नाचते आहे. लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, म्हणजे साधारण २,२०० वर्षांपूर्वीची मानली जातात. खुसरो यांचा काळ १२५३ ते १३२५. मग तबला ‘त्यांचा’ की ‘आमचा’, यावर समाजमाध्यमांवर रण माजते.

अभ्यासकांच्या दृष्टीने खुसरो यांनी तबला शोधल्याला आधार नाही, आणि भाज्यातली वाद्ये म्हणजे आजचा तबलाच, असेही ठामपणे म्हणता येत नाही. दोन तोंडांवर दोन हातांनी वाजवण्याची पद्धत इथे जुनी आहे, ‘तबला’ हा शब्द अरबी ‘तब्ल’वरून आला आहे आणि आजची वादनपद्धती अठराव्या शतकापासून दिल्ली, लखनौ, फर्रुखाबाद, बनारस, पंजाब अशा घराण्यांत घडली. इतके मान्य केले तर भांडायला फारसे काही उरत नाही. मला त्या शिल्पात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. दगडात ना आवाज उरला आहे, ना भाव. उरली आहे ती बसण्याची ढब आणि हातांची ठेवण. कारागिराने त्या बाईचे वादन दाखवायचे ठरवले तेव्हा तिचे हात नीट कोरले. वादन कुठे घडते हे त्याला ठाऊक होते.

कानात सांगितलेले बोल

१५ डिसेंबर २०२४ रोजी उस्ताद झाकीर हुसेन गेले. त्यानंतर एक आठवण सगळीकडे फिरली. त्यांनी स्वतः ती अनेकदा सांगितली होती. १९५१ मध्ये मुंबईत त्यांचा जन्म झाला. बाळाला वडिलांच्या हातात दिले गेले. रिवाजाप्रमाणे वडिलांनी बाळाच्या कानात दुआ पढायची होती. उस्ताद अल्लारखाँ यांनी तबल्याचे बोल म्हटले. आई रागावली, तेव्हा हीच माझी इबादत आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

गोष्ट सुंदर आहे आणि म्हणूनच ती लोकांना आवडते. तिच्यात भाव आहे, वारसा आहे, नशीब आहे. पण त्याच झाकीरभाईंनी दुसरी आठवणही तितक्याच वेळा सांगितली होती. लहानपणी पहाटे तीनच्या सुमारास वडील त्यांना उठवत. अंधारात बसून बाप-लेक तबल्याला हात न लावता नुसते बोल म्हणत. कोणता कायदा कुठल्या उस्तादाचा, त्याचा पलटा कसा फिरतो, हे तोंडाने घोकून घेतले जाई. सकाळी मदरसा, मग शाळा. वर्षानुवर्षे हा क्रम चालला. ही आठवण मात्र त्यामानाने फारशी फिरली नाही. कानातल्या बोलांनी झाकीर हुसेन घडले असते तर पहाटे तीनला उठायची गरज नव्हती.

रक्ताच्या सिद्धान्ताला याच घरात दुसरा धक्का बसतो. स्वतः अल्लारखाँ वादकांच्या घरात जन्मलेले नव्हते. जम्मूकडच्या फगवाल गावातले हे शेती आणि शिपाईगिरी करणारे घराणे. मुलगा तबल्याच्या वेडापायी घर सोडून गेला आणि पंजाब घराण्याचे मियाँ कादरबक्ष यांच्याकडे शिकला. म्हणजे ज्या घराला आपण रक्तातल्या कलेचा सर्वात मोठा दाखला समजतो, त्या घरातली कला एका पिढीपूर्वी घराबाहेरून शिकून आणलेली होती.

महाराष्ट्रात तर असे दाखले पावलोपावली आहेत. मुंबईत राहून उस्ताद अमीर हुसेन खाँ यांनी ज्यांना तबला दिला त्यांत गोव्याचे पंढरीनाथ नागेशकर होते, अरविंद मुळगावकर होते. मुळगावकरांनी पुढे तबल्यावर मराठीत मोठा ग्रंथ लिहिला आणि उस्तादांची विद्या मराठी वाचकाच्या हाती दिली. किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे गाणे कुंदगोळच्या रामभाऊंकडे, म्हणजे सवाई गंधर्वांकडे गेले आणि त्यांच्याकडून भीमसेन जोशी यांच्याकडे. पुण्यात दरवर्षी जो महोत्सव भरतो, त्याची मुळे या वारशात आहेत. यांचे रक्त एक नव्हते. गुरूसमोर बसून घेतलेली विद्या एक होती. उस्तादाची विद्या परधर्मीय शिष्याला अशी पूर्णपणे देता येते, याचा अर्थच हा की ती शिकवता येते आणि शिकता येते.

मग कोरडी तयारी नसते का?

असते. हा आक्षेप मी टाळणार नाही. दोन तास नुसता वेग ऐकून कान थकल्याचा अनुभव कुणालाही असेल. सतार आणि तबल्याच्या सवाल-जवाबात टाळ्या कुठे पडतात हे वादकाला माहीत असते आणि तो नेमका तिथे जाऊन पोहोचतो. मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओने तर वेगाला सोन्याचा भाव आला आहे. मावळातली पोरेसुद्धा असे व्हिडिओ पाहून थेट तिहाईपासून सुरुवात करतात. अशा वादनाला कोरडे म्हटले तर माझी हरकत नाही.

माझे म्हणणे त्यापुढचे आहे. तिथे तंत्र जास्त झालेले नसते. ते कमी पडलेले असते. वेग हा तंत्राचा एक भाग आहे आणि अनेकदा सोपा भाग आहे. विलंबित एकतालात दोन मात्रांमधले अंतर न डगमगता सांभाळणे, डग्ग्यावर मनगटाचा दाब इतकाच वाढवणे की आवाज घसरत जाऊन गायकाच्या स्वराला मिळेल, गायक श्वास घेतो तिथे स्वतः गप्प राहणे, हेही तंत्रच आहे. ते शिकायला जास्त वर्षे लागतात आणि दाखवायला त्यात काही नसते. आपण ज्याला ‘भाव’ म्हणतो, तो बहुतेक वेळा या न दिसणाऱ्या तंत्राचा परिणाम असतो. दिसणाऱ्या तंत्राला आपण तयारी म्हणतो आणि न दिसणाऱ्याला देवाची देणगी, एवढाच फरक.

उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे उदाहरण पाहा. मूळचे मुरादाबादचे, मुंबईत मुनीर खाँ यांच्याकडे शिकलेले. तबल्यावर बोटे थिरकत म्हणून थिरकवा हे नाव पडले. एकट्याने तबला वाजवून मैफल जिंकणारा हा माणूस. पुढे १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. हेच थिरकवा काही वर्षे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत साथीला होते. नाटकातले पद चालू असताना प्रेक्षकाचे लक्ष रंगमंचावरच्या भामिनीकडे किंवा रुक्मिणीकडे हवे, तबलजीकडे नको. सगळे काही वाजवता येत असताना ठेका धरून बसायचे आणि त्या ठेक्यातच अशी गोडी आणायची की जाणकाराने मान डोलवावी. बालगंधर्वांच्या पदातला भाव फक्त त्यांच्या गळ्यातून येत होता, असे म्हणणाऱ्याने त्या ठेक्याशिवाय ते पद मनात म्हणून पाहावे.

मावळाच्या वेशीवरच्या देहूत हे आणखी स्पष्ट दिसते. आषाढी वारीसाठी तुकोबांची पालखी निघते, तेव्हा देहूतल्या अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी ती थांबते आणि तिथे अभंग-आरती होते. दिंडीतला पखवाजवाला गळ्यात पखवाज अडकवून मैलोन्‌मैल चालतो. डाव्या तोंडावर लावलेली कणीक उन्हाने वाळते, पावसाने ओली होते, स्वर सारखा बदलत राहतो. तो चालता चालता स्वर राखतो, शेकडो टाळकऱ्यांची लय एक ठेवतो, आणि थकलेली म्हातारी माणसे त्या लयीच्या आधाराने पुढचे पाऊल टाकतात. दिंडी पाहून डोळ्यांत पाणी आले, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या पाण्यामागे त्या माणसाचे दुखणारे खांदे आणि पक्की झालेली बोटे असतात. तो मध्येच आपली करामत दाखवू लागला तर पावले चुकतील. ते न दाखवणे हा त्याच्या शिक्षणाचा भाग आहे.

सनईच्या ताफ्यात एक माणूस फक्त सूर धरून बसतो. दुसरा राग वाजवतो, लोक त्याच्याकडे पाहतात. सूर धरणारा गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, आवाज न तोडता एकच स्वर चालू ठेवतो. तासभर तो एक स्वर. त्यात भाव आहे का? एकट्याने ऐकले तर कदाचित नाही. पण तो थांबला की मुख्य सनईतली व्याकुळता त्याच क्षणी पोरकी होते. लग्नात नारळ आणि शाल देताना यजमान बहुधा या माणसाला विसरतात.

कानस आणि करुणा

अब्दुल करीम खाँ यांच्या स्वराविषयी बोलताना लोक ‘करुण’, ‘आर्त’ असेच शब्द वापरतात. घराणेच सुराचे. त्यांच्या गाण्यात भाव आधी आणि हिशेब नंतर, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात हा माणूस स्वराच्या मोजमापाबाबत विलक्षण काटेकोर होता. ते बीनही वाजवत, वाद्यांची दुरुस्ती स्वतः करत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी श्रुतींचा शास्त्रीय अभ्यास हाती घेतला, तेव्हा खाँसाहेबांनी त्यांना आपल्या गळ्याची साथ दिली. नेमकी कोणती श्रुती कुठे लागते, हे गाऊन दाखवले. ज्या गळ्याने लोकांना रडवले, त्याच गळ्याने ते बारकावेही मोजून दाखवले. या दोन गोष्टींत त्यांना विरोध वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

खाँसाहेब ज्या मिरजेत राहिले, तिथल्या सतारमेकर घराण्यांचे उदाहरण मला सर्वात बोलके वाटते. हे मूळचे शिकलगार, तलवारी आणि हत्यारांना धार लावणारे मुसलमान कारागीर. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचा धंदा बसू लागला तशी ही घरे वाद्यांकडे वळली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातले आद्य नाव. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणाचे लाकूड आणि पिढ्यांची हातोटी यांतून मिरजेचा तंबोरा आणि सतार घडते. २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याचा जो झंकार ऐकून मैफलीत आपण डोळे मिटतो, तो येतो जवारीतून. घोडीचा पृष्ठभाग कानसेने अगदी जरासा घासायचा, तार लावून ऐकायचे, पुन्हा घासायचे. तार घोडीला टेकते न टेकते अशी जागा सापडली की आवाज फुलतो. एक हात जास्त पडला की घोडी गेली. हे काम करणारा माणूस दिवसभर लोखंडाच्या कानसेने हाडाचा किंवा शिंगाचा तुकडा घासत असतो. त्याच्या कपड्यांवर भुकटी असते. त्याला आपण कारागीर म्हणतो आणि व्यासपीठावर बसलेल्याला कलावंत. पण करुणेची पहिली तयारी त्या कानसेखाली होते. कारागीर आणि कलावंत यांच्यात आपण मारलेली रेघ मला म्हणूनच मान्य नाही. तंत्र आणि भाव यांच्यातली रेघही तीच आहे.

ऐकणाऱ्याची जबाबदारी

दहाव्या शतकातील तत्त्वज्ञ अल-फाराबी यांनी संगीतावर ‘किताब अल-मूसीकी अल-कबीर’ हा प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यात स्वरांतरे, ताल, वाद्यांचे पडदे यांचा गणिती विचार आहे. त्याच फाराबींविषयी चरित्रकार इब्न खल्लिकान यांनी एक कथा दिली आहे. हलबचा अमीर सैफुद्दौला याच्या दरबारात फाराबींनी थैलीतून काही काड्या काढल्या, जोडल्या आणि वाजवले. सगळे हसू लागले. काड्या सोडवून वेगळ्या तऱ्हेने जोडल्या, वाजवले. सगळे रडू लागले. तिसऱ्यांदा जोडल्या, तेव्हा पहारेकऱ्यांसकट सगळे झोपी गेले आणि फाराबी निघून गेले. कथा खरी असो वा नसो, सांगणाऱ्याची समज पाहा. हसू आणि आसू यांच्या मध्ये त्याने काड्यांची फेरजोडणी ठेवली आहे.

कुरआनची तिलावत हे संगीत नव्हे, दोन्हींना एका पंगतीत बसवायचेही नाही. पण आपल्या वाचकांना हा अनुभव ओळखीचा आहे म्हणून सांगतो. मकतबात मूल आधी मखारिज शिकते, कोणते अक्षर घशातून, कोणते जिभेच्या टोकातून. वर्षे जातात. रमजानमध्ये एखाद्या कारीच्या आवाजाने मागची सफ हुंदके देते, तेव्हा तजवीद आणि हुंदका यांना कोणी एकमेकांचे शत्रू समजत नाही. वाद्याच्या बाबतीत मात्र आपण समजतो.

संगीत जायज की नाजायज, हा वाद आपल्या समाजात जुना आहे आणि या लेखाचा तो विषय नाही. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. संगीत माणसाच्या मनात जे आहे तेच बाहेर काढते, असा त्यांच्या म्हणण्याचा एक धागा आहे. म्हणजे अर्धी जबाबदारी ऐकणाऱ्याची. हा धागा पकडला तर “भाव नाही” म्हणण्यापूर्वी आपण स्वतः किती लक्ष देऊन ऐकले, हेही तपासावे लागेल. वादनाला नावे ठेवणारे नातेवाईक आणि रक्ताचे गोडवे गाणारे रसिक मला एका बाबतीत सारखेच वाटतात. समोरच्या माणसाने यासाठी किती वर्षे दिली, हे दोघांनाही पाहायचे नसते.

मावळात आज मुलांना वाद्य शिकायचे असेल तर बहुतेकांना पुण्याची लोकल धरावी लागते. ढोल-लेझीम गावोगाव आहे, पण ताशा शिकवणाऱ्याला कोणी गुरुजी म्हणत नाही आणि फीही देत नाही. गावच्या मंडळाने जत्रेच्या खर्चात स्पीकरच्या भिंतीसाठी ठेवलेल्या पैशांतला थोडा भाग गावातल्या जुन्या सनईवाल्याला वर्षभर चार मुले शिकवण्यासाठी दिला, तर हे चित्र बदलू शकते. शिकवण्याची फी मिळू लागली की ती विद्या आहे, हे मुलांनाही कळते आणि त्यांच्या आईबापांनाही. सूर धरणाऱ्यालाही मुख्य वादकाच्या बरोबरीने बिदागी द्यावी, ही दुसरी साधी सुरुवात.

आणि निदान एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल. यापुढे एखाद्याचे वाजवणे मनाला भिडले, तर “रक्तातच आहे” असे म्हणू नका. “कुणाकडे शिकलात? किती वर्षे?” असे विचारा. तो काय सांगतो ते थांबून ऐका, आणि मग हिशेब करताना ती वर्षे ध्यानात ठेवा.